दाखवायचे दात आणि खायचे दात



हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, अशी आपल्याकडे म्हण आहे. हत्तीला ती सोय निसर्गानेच करून दिली आहे. माणसाला मात्र एकाच बत्तिशीवर दोन्ही कामे भागवावी लागतात. या साध्या गोष्टीचा विसर पडला की जो घोटाळा होतो, त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

लग्न पंधरा दिवसांवर आले की मुलगा किंवा मुलगी दंतवैद्याकडे येते. बरोबर आई असते. "डॉक्टर, दात जरा पांढरे करून द्या, फोटो चांगले यायला हवेत." तोंड उघडून पाहावे तो हिरड्या लाल, सुजलेल्या; बोथट सळई नुसती टेकवली तरी रक्त येते; मागच्या दोन दाढा पोखरलेल्या. दंतवैद्य म्हणतो, "आधी हे बरे करू, पांढरेपणाचे मागाहून पाहू." लगेच मायलेकांचे चेहरे उतरतात. डॉक्टर उगाच काम वाढवीत आहेत, अशी शंकाही मनात येऊन जाते. ही शंका बरोबर की चूक, हे आपणच ठरवावे; पण त्यासाठी दात म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे.

दाताचे बाहेरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. परंतु त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. इनॅमल एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. या कवचाखाली पिवळसर दंतद्रव्य आणि त्याच्या आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला गाभा. कवच थोडे पारदर्शक असल्याने आतला पिवळेपणा बाहेर दिसतो. तेव्हा पिवळसर दात म्हणजे घाणेरडा दात नव्हे, आणि पांढराशुभ्र दात म्हणजे निरोगी दात नव्हे. ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता रोग कसा होतो ते पाहू. दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत साठत असतो. आपण खाल्लेल्या साखरेपासून हे जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने कवचातील क्षार विरघळतात. हीच कीड. तोच थर हिरडीच्या कडेला राहिला की हिरडी सुजते. लाळेतील क्षारांनी तो थर दगडासारखा घट्ट झाला की त्याला आपण कीटण म्हणतो. ते ब्रशने निघत नाही. दुखणे वाढले तर दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते आणि चांगला धडधाकट दात हलू लागतो. मधुमेही माणसाला हा त्रास अधिक होतो, आणि हिरड्यांच्या रोगामुळे मधुमेह आवरणेही कठीण जाते.

हे सर्व किती लवकर होते? १९६५ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे बंद केले. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा नीट घासू लागताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगात भीतीही आहे आणि मोठा दिलासाही आहे.

आता सौंदर्योपचारांकडे वळू. दात पांढरे करण्यासाठी पेरॉक्साइडची औषधे वापरतात. दात पोखरलेला असेल, तर ते औषध सहज गाभ्यापर्यंत झिरपते आणि ठणका लागतो. शिवाय भरलेल्या दाताचा मसाला किंवा कृत्रिम टोपी त्याने पांढरी होत नाही. म्हणजे दात एका रंगाचा आणि भरलेला भाग दुसऱ्या रंगाचा! एकच दात काळवंडलेला असेल तर त्याचा गाभा मेलेला असण्याचा संभव असतो. तेथे आधी तपासणी हवी, रंग नंतर.

दातावर चिनीमातीचा पातळ पापुद्रा बसविण्याचा उपचारही आता शहरोशहरी होतो. त्याच्या मुळाशी १९५५ सालचा एक शोध आहे. अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवून दिले की इनॅमलला थोडा वेळ फॉस्फरिक आम्ल लावले तर त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि त्यावर राळ घट्ट धरते. म्हणजे पापुद्र्याची सारी पकड निरोगी इनॅमलवर! खालचा दात किडका असेल तर पकड सुटते. हिरडीतून रक्त येत असेल तर ओलाव्याने चिकटच नीट बसत नाही. आणि आज सुजलेली हिरडी उद्या बरी होऊन आक्रसली की पापुद्र्याची कड उघडी पडते. वाकडे दात तारेने सरळ करतानाही तेच. हिरड्या रोगट असताना दात सरकवले तर हाडाची झीज अधिकच वाढते. ओल आलेल्या भिंतीला दिवाळीच्या तोंडावर सफेदी दिली, तर संक्रांतीपर्यंत पोपडे निघायचेच.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. कीटण काढल्याने दात सैल होतात, असे पुष्कळ लोक म्हणतात. वस्तुतः हाड आधीच झिजलेले असते. कीटणाने ती फट बुजवून ठेवलेली असते, ती साफ केल्यावर दिसते इतकेच. दुसरा समज म्हणजे रक्त येत नाही त्याअर्थी हिरडी ठीक. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग आत वाढत असूनही कळत नाही. आणि मशेरीने दात स्वच्छ होतात, असे मानणाऱ्या भगिनींना हात जोडून सांगतो की मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तोंडात न पुसला जाणारा पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पूर्ववत उघडेनासे झाले, तर दातांच्या रंगाची चिंता बाजूला ठेवून आधी ते दाखवावे. तेथे प्रश्न रूपाचा नसून जिवाचा असतो.

मग क्रम कोणता? आधी संपूर्ण तपासणी, नंतर कीटण काढणे, किडलेल्या दातांवर इलाज, काही आठवड्यांनी हिरड्यांची फेरतपासणी, आणि त्यानंतरच सौंदर्योपचार. घरी दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावे. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे तर चुकवूच नये.

आता त्या पंधरा दिवसांवर आलेल्या लग्नाचे काय? निराश होण्याचे कारण नाही. कीटण काढून घ्यावे, मन लावून दात घासावे. हिरडीची सूज नवी असेल तर एवढ्या अवधीत ती पुष्कळ उतरते, तोंडाची दुर्गंधी कमी होते, वरचे डाग निघतात. अशा तोंडाचे हसू फोटोत मुळीच वाईट दिसत नाही. राहिलेला पांढरेपणा लग्नानंतरही करता येईल. पण घाईने खरवडलेले कवच मात्र कोणीही परत आणून देणार नाही.

पी हळद नि हो गोरी, असे आपण इतरांना हसून म्हणतो. दातांच्या बाबतीत ते आपल्याला कोणी म्हणू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.