गर्दी आणि गट

अक्कलकोटच्या एस.टी. स्थानकावर सकाळी थोडा वेळ उभे राहून पाहा. सोलापूरला जाणारे विद्यार्थी असतात. टोपल्या घेतलेल्या बायका असतात. स्वामी समर्थांच्या दर्शनाला आलेले भाविक असतात. हा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. त्यामुळे मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. पन्नास माणसे शेजारी शेजारी उभी असतात. पण ती केवळ गर्दी असते. प्रत्येकाला फक्त आपली गाडी आणि आपली जागा हवी असते.

आता समजा, यांतल्या काही जणांची गाडी वाटेत चिखलात रुतली. सगळे खाली उतरतात. जो तो आपल्या मनाने धक्का मारतो. गाडी हलत नाही. मग एक जण मोठ्याने म्हणतो, "एक, दोन, तीन!" सगळे एकदम जोर लावतात आणि गाडी बाहेर येते. माणसे तीच, ताकदही तीच. मग बदलले काय? सर्वांचे काम एक झाले आणि एकाचा इशारा सर्वांना समजला. समान ध्येय आणि एकमेकांना समजणारे बोलणे या दोन गोष्टींनी गर्दीचा गट होतो.

त्यासाठी सर्वांची मातृभाषा एकच असावी लागत नाही. माणसे एकत्र राहू लागली की शब्दही एकमेकांच्या घरी जातात. 'बाजार', 'कागद', 'हिशेब' हे शब्द तुम्ही उर्दूत बोलता आणि आम्ही मराठीत. 'अक्का' आणि 'अण्णा' हे शब्द मराठीला कन्नडने दिले.

अक्कलकोटपासून सुमारे ४० किलोमीटरवर सोलापूर आहे. हे गिरण्यांचे शहर होते. तेथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक शेजारी राहत. मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने गांधीजींना अटक केली. सोलापूर खवळले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात माणसे मेली. संतापलेल्या जमावाने कचेरीला आग लावली. दोन पोलीसही मारले गेले. संताप सर्वांचा होता. पण त्याला आवर घालणारे कोणी नव्हते. ती गर्दी होती.

मग अधिकारी आणि पोलीस शहरातून मागे हटले. ९ ते ११ मे असे तीन दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था पाहिली. रस्त्यावरची वाहतूकसुद्धा त्यांनीच सांभाळली. लोकांनी त्यांचे ऐकले. शहर तेच होते, लोकही तेच होते. पण आता त्यांचा गट झाला होता.

सरकारला हे सहन झाले नाही. १२ मे रोजी सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्यावर खटला चालवण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. त्यांपैकी कुर्बान हुसेन कामगारांचे पुढारी होते आणि 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवत. चौघांच्या घरांतली बोली आणि रीतिरिवाज वेगळे होते. पण देश स्वतंत्र व्हावा हे ध्येय एकच होते. आज सोलापुरात त्यांचे पुतळे एकाच चौकात, एकमेकांशेजारी उभे आहेत.

मुलांनो, तुमचा वर्गही रोज गर्दी होऊ शकतो किंवा गट होऊ शकतो. सगळे एकदम बोलू लागले आणि कोणीच ऐकले नाही, तर ती गर्दी. एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे आणि ठरलेले काम सर्वांनी मिळून करावे, म्हणजे गट. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठीही शिकता. उद्या एखादी गाडी रुतली, तर 'एक, दोन, तीन' म्हणणारा आवाज तुमचाही असू शकेल.