क्रिएटिन, क्रिएटिनिन आणि माझा तो रिपोर्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा मेट्रोत बसल्यावर कळलं की इअरफोन घरीच राहिले, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

या वेळचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून आला. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याचा प्रश्न असा: "दादा, मैदानावरचे सगळे पोरं क्रिएटिन घेऊन राहिले. घरचे म्हणतात किडनी जाईल. खरं काय?"

भावा, या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःच्या घरात शोधलंय. आधी तेच सांगतो.

मी जिममध्ये रोज एक चमचा क्रिएटिन घ्यायचो. चार महिने झाले होते. नोकरीसाठी मेडिकल करायची होती म्हणून रक्त दिलं. रिपोर्टमध्ये सिरम क्रिएटिनिन १.४२, आणि बाजूला ठळक अक्षरात 'हाय'. पुरुषांमध्ये साधारण ०.७ ते १.३ नॉर्मल धरतात. आता आमच्या घरात हा शब्द साधा नाही. माझे मामा डायलिसिसवर होते. क्रिएटिनिन किती आलं, हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं फोनवर ऐकलाय. आईनं रिपोर्ट वाचला आणि खालीच बसली. बाबांनी काही न बोलता डबा उचलला आणि कचऱ्यात टाकला. मी मात्र गुगल करून म्हणत होतो, "काही नाही होत, सगळे घेतात."

खरं सांगू? आम्ही दोघंही अर्धेच बरोबर होतो.

आधी नावातला गोंधळ सोडवू

क्रिएटिन आणि क्रिएटिनिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिएटिन आपलं शरीर स्वतःच बनवतं. अर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या तीन ॲमिनो ॲसिडपासून, किडनी आणि लिव्हरमध्ये, दिवसाला साधारण १ ग्रॅम. त्यातलं सुमारे ९५ टक्के स्नायूंमध्ये साठतं. १८३२ मध्ये शेव्हरूल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते मांसातून वेगळं काढलं. म्हणजे ही काही जिमवाल्यांनी शोधलेली वस्तू नाही.

या साठ्यातला १ ते २ टक्के भाग रोज आपोआप मोडतो. जे उरतं ते क्रिएटिनिन. तो कचरा. किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. किडनी थकली की कचरा रक्तात साचतो, म्हणून डॉक्टर तो मोजतात.

आता विचार करा. साठाच वाढवला तर कचराही थोडा जास्त निघणार ना? किडनी ठणठणीत असली तरी आकडा वर जाऊ शकतो. आदल्या रात्री सावजीत मटण हाणलं असेल किंवा सकाळी जोरदार लेग डे केला असेल, तरीही तो वाढतो. ईजीएफआर नावाचा जो आकडा रिपोर्टवर असतो, तो याच क्रिएटिनिनवरून हिशोब करून काढतात. म्हणून तोही घसरलेला दिसतो. माझा ७१ आला होता.

मग डॉक्टरांनी काय केलं?

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती पावडर घेतोस?" मी लॅबमध्ये हे सांगितलंच नव्हतं. त्यांनी तीन आठवडे क्रिएटिन बंद ठेवायला सांगितलं. टेस्टच्या दोन दिवस आधी जिम नाही, आदल्या रात्री नॉनव्हेज नाही. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि सिस्टॅटिन सी नावाची रक्ताची टेस्ट. सिस्टॅटिन सीवर क्रिएटिनचा परिणाम होत नाही, त्यामुळे किडनीचं खरं चित्र कळतं. सगळं नॉर्मल आलं. क्रिएटिनिन १.०८. आईनं त्या दिवशी रिपोर्ट देवाजवळ ठेवला.

पण डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं: "तुझं नॉर्मल आलं म्हणजे प्रत्येकाचं येईल असं नाही. घरात किडनीचा आजार आहे, तर सुरू करण्याआधी टेस्ट करायला हवी होती."

फायदा नेमका काय?

जोर लावायच्या पहिल्या काही सेकंदांत स्नायू एटीपी नावाचं इंधन भराभर जाळतात. क्रिएटिन ते इंधन पटकन परत भरायला मदत करतं. म्हणून वजन उचलणं, छोटी स्प्रिंट, उडी यांत फायदा दिसतो. सेटमध्ये एखाद-दोन रेप जास्त निघतात, आणि महिनोन्महिने तसं झालं की ताकद वाढते. व्यायाम न करता नुसती पावडर खाल्ली तर फार काही हाती लागत नाही.

एक किलो कच्च्या मटणात किंवा मासळीत साधारण ४ ते ५ ग्रॅम क्रिएटिन असतं. वरण-भात, पोळी-भाजीत जवळपास नाहीच. म्हणून शाकाहारी लोकांच्या स्नायूंत साठा कमी असतो आणि त्यांना फरक बरेचदा जास्त जाणवतो.

रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं. आठवडाभर २० ग्रॅमचं 'लोडिंग' केलंच पाहिजे असं नाही. रोजच्या डोसनंही तीन-चार आठवड्यांत साठा भरतो, आणि पोटही बिघडत नाही. साधं मोनोहायड्रेट घ्या. सगळ्यात जास्त अभ्यास त्यावरच झालाय आणि ते स्वस्तही आहे. सुरुवातीला वजन १-२ किलो वाढू शकतं. ती चरबी नाही, स्नायूंत धरलेलं पाणी असतं. केस गळतात ही भीती २००९ च्या रग्बी खेळाडूंवरच्या एका छोट्या अभ्यासातून आली. त्यात एक हार्मोन वाढलेला दिसला होता, केस कुणी मोजलेच नव्हते.

कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये?

किडनीचा त्रास, बीपी, शुगर असलेले. घरात किडनीचा आजार असलेले. रोज पेनकिलर घेणारे. गरोदर बायका, आणि १८ च्या आतली पोरं. आणि विदर्भातल्या लोकांसाठी खास: सिकलसेल. आपल्याकडे त्याचं प्रमाण जास्त आहे आणि तो आजार किडनीलाही धक्का देतो. आपण वाहक आहोत की नाही हे माहीत नसेल, तर पावडरच्या आधी ती टेस्ट करा.

निरोगी माणसांमध्ये, ठरलेल्या डोसमध्ये, क्रिएटिननं किडनी खराब होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण 'निरोगी' हे आपण मनानं ठरवायचं नसतं.

आणि डबा बघून घ्या. १४ आकडी एफएसएसएआय नंबर फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तपासता येतो. पण त्यावरून लायसन्स कळतं, आतली पावडर शुद्ध आहे हे सिद्ध होत नाही. पुडीत बांधून दिलेलं, सील तुटलेलं, 'इम्पोर्टेड आहे, अर्ध्या किमतीत घे' म्हणणारं काही घेऊ नका.

आता भरतीवाल्या भावासाठी

मुलांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटरला २० गुण, १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. क्रिएटिनची मदत झालीच तर शेवटच्या दोन्हींत. १६०० मीटर दमाचा खेळ आहे. तिथे ते वाढलेले दोन किलो तुलाच ओढावे लागतील. म्हणून मैदान महिन्यावर आलं असेल तर आता सुरू करू नको. वेळ असेल तर आधी क्रिएटिनिन, लघवी आणि सिकलसेलची टेस्ट कर, मग ठरव. क्रिएटिनवर वाडाची बंदी नाही, पण कोणी 'सोबत एक इंजेक्शन घे' म्हणालं तर तिथून सरळ निघ. आणि मे महिन्यात नागपूरच्या ४५ डिग्रीत पळतोस, तर पावडर असो-नसो, पाणी पी.

मी आता परत घेतो, ३ ग्रॅम. सहा महिन्यांनी टेस्ट करतो आणि लॅबमध्ये आधीच सांगतो. नवा डबा बाबांनीच आणून दिला. त्यावर पेननं तारीख लिहिली होती, पुढच्या टेस्टची.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात.