लग्नघरातलं हृदय

(लेखांक नववा)

या आठवड्यात औषधांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. जपानमधल्या निगाताच्या भूकंपावरचा लेख वाचून साताऱ्याच्या एका वाचक बाईंनी पत्र पाठवलंय, आणि त्यांचा प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे.

त्यांच्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. मुलाच्या लग्नात अक्षता पडल्या, फोटो झाले, आणि पंगत बसायच्या आत छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. ईसीजी हार्ट अटॅकचा. अँजिओग्राफीत मात्र रक्तवाहिन्या स्वच्छ. इकोत डाव्या जवनिकेचं टोक फुगून निपचित पडलेलं आणि वरचा भाग जोरात आकुंचन पावणारा, म्हणजे गेले तीन आठवडे आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तोच ताकोत्सुबो, बहुतेकदा मोठ्या धक्क्यानंतर हृदय काही काळ ढेपाळण्याचा आजार. महिन्याभरात इको नॉर्मल. बाई लिहितात, ‘तुम्ही भूकंप लिहिलात, नवऱ्याचा मृत्यू लिहिलात. आमच्याकडे तर काहीच वाईट घडलं नव्हतं. सासूबाई त्या दिवशी कधी नव्हे इतक्या खुशीत होत्या.’

बाई, खुशीत होत्या हीच तर गंमत आहे.

झुरिकच्या येलेना घाद्री, ख्रिश्चन टेम्पलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही उघडली. २०१५ साली तिच्यातल्या १७५० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यानंतर त्यांनी ज्यांच्या आजारामागे ठळक भावनिक प्रसंग होता असे ४८५ रुग्ण वेगळे काढले आणि प्रत्येक प्रसंग पुन्हा वाचला. ४६५ जणांच्या बाबतीत अपेक्षित तेच होतं: मृत्यू, भांडण, भीती, चिंता. उरलेल्या २० जणांच्या आयुष्यात त्या दिवशी चांगली गोष्ट घडली होती. २०१६ साली छापलेली ही छोटीशी यादी मी कितीदा वाचली असेल! कुणी आजी झाली होती, कुणाच्या वाढदिवसाची पार्टी होती. कुणाला पन्नास वर्षांनी जुनी मैत्रीण भेटली. कुणाचा आवडता रग्बी संघ जिंकला, कुणाला कसिनोत घबाड लागलं. आणि हो, मुलाचं लग्नही आहे.

हिकारू सातो यांनी हिरोशिमात या आजाराचं वर्णन केलं ते १९९० साली. मग आनंदाची ही बाजू नीट मोजून मांडायला पाव शतक का लागलं? माझं उत्तर साधं आहे: कुणी विचारलंच नाही. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या बाईला आपण डॉक्टर विचारतो, ‘काही टेन्शन आहे का? घरी काही झालं का?’ ती म्हणते, ‘नाही हो, घरात लग्न आहे.’ की आपण कागदावर लिहितो: दगदग. वर्तमानपत्रांनी ‘तुटलेलं हृदय’ हे नाव उचलून धरलं, त्यानेही नुकसान केलं. त्या १७५० रुग्णांत भावनिक कारण जेमतेम २८ टक्क्यांत सापडलं. ३६ टक्क्यांत कारण शारीरिक होतं, म्हणजे दम्याचा झटका, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग असं काहीतरी. आणि २८.५ टक्क्यांत शोधूनही काही मिळालं नाही. तुटलेल्या हृदयाची कथा शोधायला बसलेल्या डॉक्टरला यातलं निम्म्याहून जास्त दिसणारच नाही.

आता आनंदाने असं का व्हावं? टोकाला पोचलेला आनंद आणि टोकाला पोचलेलं दुःख, दोन्ही मेंदूच्या भावनांच्या केंद्रांतूनच खाली उतरतात आणि दोन्हींचा निरोप सिंपथेटिक मज्जातंतू आणि अधिवृक्क ग्रंथींकडेच जातो. बाल्टिमोरच्या विटस्टाइन यांच्या २००५ सालच्या अभ्यासात अशा रुग्णांच्या रक्तातली ॲड्रिनलिन-वर्गातली रसायनं निरोगी माणसाच्या ७ ते ३४ पट होती, गंभीर हार्ट अटॅकच्या रुग्णांच्याही दुप्पट-तिप्पट. रक्तातून आलेल्या ॲड्रिनलिनवर ‘नातू झाला’ किंवा ‘नवरा गेला’ असा शिक्का नसतो. हृदयाच्या पेशीला दिसते ती फक्त मात्रा.

इथे लंडनच्या अलेक्झांडर लायन आणि सायन हार्डिंग यांच्या उंदरांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. हृदयाच्या टोकाकडे बीटा-२ रिसेप्टर जास्त असतात. ॲड्रिनलिन बेताचं असेल तर हे रिसेप्टर आकुंचन वाढवतात. पण ते फार झालं की तेच रिसेप्टर पेशीच्या आत आपली जोडणी बदलतात आणि आकुंचन कमी करू लागतात, जणू पॅडल तेच, पण खोल दाबलं की ॲक्सिलरेटरचा ब्रेक होतो. २०१२ साली त्यांनी उंदरांना ॲड्रिनलिनचा एकदम मोठा डोस दिला आणि नेमकं टोक ढिलं पडलं. नॉरॲड्रिनलिनने तसं झालं नाही. त्यांचं म्हणणं, टोकाने असं अंग काढून घेणं ही हृदयाची स्वतःला वाचवायची धडपड असावी. मला हे पटतं. पेशी मेल्या असत्या तर महिन्याभरात इको नॉर्मल झाला नसता.

एवढं सांगून झाल्यावर आता थोडं त्या वीस जणांच्या विरोधात बोलतो. वीस हा आकडा लहान आहे. त्यांच्यात टोकाऐवजी जवनिकेचा मधला भाग फुगण्याचं प्रमाण जास्त दिसलं, ३५ टक्के. दुःखी गटात १६. पण वीसमधले ३५ टक्के म्हणजे सात माणसं, त्यावर मी इमले बांधणार नाही. शिवाय ४६५ विरुद्ध २० यावरून आनंद दुःखापेक्षा सुरक्षित ठरतो असंही नाही. तसं म्हणायचं तर त्या काळात एकूण किती धक्के बसले आणि किती बारशी झाली हे कळायला हवं.

आणि मुळात आनंद तरी निर्भेळ असतो का? झुरिकच्या तक्त्यात मुलाचं लग्न ‘सुखद’ रकान्यात आहे. आमच्याकडच्या वरमाईला विचारा. चार रात्री झोप नाही, सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नाही, बीपीची गोळी गडबडीत राहिलेली, विहीणबाईंच्या मानपानाची धाकधूक, आणि या सगळ्यावर तो आनंद. वधूची आई असेल तर पाठवणीच्या वेळी ती कोणत्या रकान्यात बसवायची?

खेळांचंही तेच. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक, धोकादायक अनियमित ठोके अशा हृदयाच्या तातडीच्या तक्रारी मोजल्या. हा ताकोत्सुबोचा अभ्यास नव्हे, हे लक्षात ठेवा. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी त्या एरवीच्या २.६६ पट झाल्या. सर्वांत वाईट दिवसांपैकी एक अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याचा, आणि तो जर्मनीने पेनल्टीवर जिंकला होता! निकाल लागायच्या आधीचा तो श्वास रोखलेला काळ आपण हिशेबात धरत नाही. रग्बीवाल्या रुग्णाला विजयाने गाठलं की त्याआधीच्या धाकधुकीने, कोण सांगणार?

लग्नाचा विषय निघालाच आहे तर इस्रायलची एक हकिकत. २०१९ साली ती वैद्यकीय नियतकालिकात आली. साठ वर्षांच्या एक बाई लग्नात जेवताना ॲव्होकॅडोची चटणी समजून चमचाभर वासाबी खाऊन मोकळ्या झाल्या. वासाबी म्हणजे नाकात झिणझिण्या आणणारा तो हिरवा जपानी लगदा. काही मिनिटांत छातीवर दाब आला, पुढे तो हातांकडे सरकला. पण बाईंनी लग्न काही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी अशक्तपणा वाटला तेव्हा डॉक्टरांकडे गेल्या. निदान, ताकोत्सुबो. त्याही महिन्याभरात बऱ्या झाल्या.

ही गोष्ट मी हसत हसत सांगतो खरी, पण लग्न सोडलं नाही हे मात्र हसण्यासारखं नाही. हा आजार बहुतेकांत ओसरतो म्हणून तो सौम्य असतो असं नाही. झुरिकच्या नोंदवहीत रुग्णालयातच दगावलेल्यांचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आहे. आणि बाहेरून पाहून हा ताकोत्सुबो आहे की रक्तवाहिनी बंद झाली आहे हे मलाही सांगता येणार नाही. कार्यालयात कुणाच्या छातीत दुखलं की आधी सोडा, मग लिंबूपाणी, मग ‘दगदग झाली, पडा जरा’, यात मोलाचा तास जातो. साताऱ्याच्या कुटुंबाने तसं केलं नाही, सासूबाईंना थेट गाडीत घातलं. उत्तम केलंत.

बाईंचा दुसरा प्रश्न: वैशाखात धाकट्या दिरांचं लग्न आहे, सासूबाईंना तिथे नेऊ की नको?

न्या. हा आजार पुन्हा होण्याचं प्रमाण त्याच नोंदवहीत वर्षाला शंभरात दोनपेक्षा कमी आहे, आणि मुलाच्या लग्नाला आईला घरी बसवलं तर तिला होणारा त्रास कोणत्या रकान्यात धरायचा? जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना मात्र विचारून घ्या. गोळ्यांचा डबा सासूबाईंच्या नव्हे, तुमच्या पर्समध्ये राहू द्या. सकाळी त्यांना खायला घाला, मग मुहूर्त कितीचाही असो. आधीचा ईसीजी आणि इकोचे दोन्ही रिपोर्ट, बिघडलेला आणि सुधारलेला, सोबत ठेवा. तिथल्या डॉक्टरला गरज पडली तर त्याचं निम्मं काम होईल.

औषधं पुढच्या आठवड्यात, नक्की. लंडनच्या त्याच उंदरांत काही बीटा-ब्लॉकर्सनी बिघाड वाढवला होता, तिथूनच सुरुवात करू.