भजनी मंडळापासून मजुरीच्या भावापर्यंत

ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेत वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला चारेक लाख पोरं जमली. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ भरली आणि तिथे आपल्याकडच्या तरुणांनी तोच माहोल उभा करून पाहिला. जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या आमच्या नशिराबादेत गाणं म्हणजे वहीगायन, कानबाईची गाणी, भजन आणि शेजारच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई. गिटार नव्हती, म्हणून खान्देशातल्या त्या पिढीने बंडही केलं नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

कादंबरीतलं बंड तर ‘कोसला’ने १९६३ मध्येच मांडलं होतं. लिहिणारे भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पण त्याचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याहून हात हलवत आपल्या गावी परततो. मला शहर सोडून दुसऱ्यांच्या गावात काहीतरी करायला आलेल्या पोरांचं जास्त कुतूहल आहे.

ती पोरं आली शहाद्याला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहे. तापी-गोमाईच्या काळ्या जमिनी, त्यावर गुजर-पाटलांची बागायत आणि त्यांच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, म्हणून राबणारे भिल्ल. अनेकांच्या स्वतःच्या जमिनी कर्जापायी याच बागायतदारांच्या घशात गेलेल्या. अंबरसिंग सुरतवंती याच समाजातले, सर्वोदयाच्या वाटेने आलेले. लोक त्यांना महाराज म्हणत. त्यांनी सुरुवात केली ती भजनी मंडळांपासून. यातली हुशारी सहज लक्षात येत नाही. सालदारांच्या सभेवर मालक डोळे वटारेल, पण भजनावर कसे वटारणार? आणि टाळ खाली ठेवल्यावर माणसं हिशोबाचं बोलणारच.

मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला बागायतदारांकडून गोळीबार झाला, एक आदिवासी मारला गेला. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला. त्याच सुमारास बाहेरचे शिकलेले तरुण इथे येऊन राहिले. त्यांत ‘मागोवा’ या डाव्या गटाशी नातं असलेले होते, आयआयटीतून इंजिनिअर झालेले कुमार शिराळकर होते, पुढे कादंबरीकार म्हणून ओळखले गेलेले दीनानाथ मनोहर होते. त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली. घरदार सोडून हिप्पीही निघाले होते. मात्र ज्या गावात मुक्काम पडला तिथली मजुरी किती, हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी विचारलं असेल.

गाण्याने मजुरी वाढली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. ती संपाने वाढली, आणि ती लढाई ७२ च्या दुष्काळात लढली गेली, जेव्हा मजुराला घासाघीस करायची ताकद सर्वांत कमी असते. पण संप टिकवायचा तर माणसं रोज रात्री एकत्र बसावी लागतात, आणि नुसत्या भाषणासाठी रोज कोण बसतं! बायकांच्या बाबतीत हे जास्तच खरं. एकत्र बसल्यावर नवऱ्याची दारू आणि मारहाण हा विषय त्यांनी स्वतः पुढे आणला. टोळीने गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिलं. पुरुष नेत्यांच्या अजेंड्यावर मजुरी आणि जमीन होती, दारूचा प्रश्न बायकांनी त्यात घुसवला. माझ्या मते शहाद्यातलं खरं बंड तेच.

अंबरसिंग १९७४ मध्ये गेले. पुढच्या वर्षी आणीबाणी आली. शिराळकर मात्र २०२२ मध्ये वारले तोवर कष्टकऱ्यांच्याच कामात होते.

याच चळवळीने भिल्ल कवी वाहरू सोनवणे दिले. त्यांची ‘स्टेज’ ही कविता प्रसिद्ध आहे. मंचावर कोण बसतं, खाली कोणाला बसवलं जातं आणि आदिवासींचं दुःख आदिवासींनाच समजावून सांगण्याचा हक्क कोणाला, हा तिचा रोख. तो बागायतदारांवर नाही. तो मदतीला आलेल्यांवर आहे, म्हणजे ज्यांचं कौतुक मी वर केलं त्यांच्यावरसुद्धा.