कोयत्यामागे राहिलेली लेकरं

दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांमध्ये सामान बांधायची घाई सुरू होते. केज तालुकाही त्याला अपवाद नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि पुढचे पाच-सहा महिने बिऱ्हाड असतं पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या फडाजवळच्या कोपीत. धाकटी लेकरं सोबत जातात, शाळेतली बरीचशी आजी-आजोबांकडे राहतात. वयात आलेल्या मुलीचा मात्र आईबापांच्या जिवाला घोर असतो. कोपीला दार नाही आणि गावात म्हाताऱ्या आजीशिवाय कोणी नाही. मग स्थळ शोधलं जातं. लग्न झालं की सासरी आणखी एक कोयता तयार होतो, हाही हिशेब असतोच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात हेच प्रमाण बावीसच्या आसपास होतं.

अशा लग्नाची कुणकुण लागली तर १०९८ हा चोवीस तास चालणारा क्रमांक फिरवता येतो. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही चाइल्डलाइन आता सरकारी यंत्रणेचा भाग आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला मदत करते. केज तालुक्यात युसूफ वडगावला पोलीस ठाणं आहे. कायद्यानुसार प्रत्येक ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. लग्न थांबलं की मुलीला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे नेता येतं. एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती मुलीचं ऐकून घेते, पालकांकडून हमीपत्र घेते, घरी राहणं धोक्याचं असेल तर तिची सोय बालगृहात करते. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

पण मांडव उतरवला म्हणून आईबापांची उचल फिटत नाही. ट्रक ठरल्या दिवशी निघणारच, आणि मुलगी राहणार कुठे हा प्रश्न तसाच उरतो. म्हणून बीडमध्ये मुलांच्या रक्षणाचा खरा आधार वसतिगृह हाच आहे. स्थलांतरितांच्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहं चालतात. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. सरकारच्या आधी माणसंही पुढे आली होती. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 'शांतिवन' उभं केलं ते अशाच लेकरांसाठी.

बाप दगावलेल्या किंवा आई एकटीच राबणाऱ्या घरासाठी बालसंगोपन योजना आहे. मूल संस्थेत जाऊ नये, आपल्याच घरात वाढावं, म्हणून दरमहा मदत दिली जाते. २०२३ मध्ये ती ११०० वरून २२५० रुपये झाली. उसाच्या फडात एकटीला सहसा कोणी कोयता देत नाही. अशा बाईच्या घरी हे पैसे वेळेवर पोचणं फार मोलाचं असतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा असतो, आणि तो भरायला अंगणवाडी सेविकेने किंवा शाळेतल्या गुरुजींनी हात दिला तर काम लवकर मार्गी लागतं.

वसतिगृहाची यादीही टोळ्या निघण्याआधीच पक्की व्हायला हवी. एकदा मूल ट्रकमध्ये बसलं की शाळेच्या पटावरचं त्याचं नाव चैत्रापर्यंत नुसतं नावच राहतं.