खाद्यभांडी व पाणीभांडी (परसातील कुक्कुटपालन)

परसातील कुक्कुटपालनात कोंबड्यांना खाद्य व पाणी देण्याच्या साधनांना अनुक्रमे खाद्यभांडी (फीडर) व पाणीभांडी (ड्रिंकर) असे म्हणतात. पक्ष्यांची संख्या, त्यांचे वय आणि स्थानिक हवामान यांवरून त्यांची निवड केली जाते. विदर्भासारख्या उष्ण प्रदेशात पाणीभांड्याची निवड विशेष महत्त्वाची ठरते.

खाद्यभांडी

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या किडे, दाणे व हिरवा पाला टिपतात. कणी, भरड किंवा तयार खाद्य त्यांना पूरक म्हणून दिले जाते. ते जमिनीवर विखुरल्यास माती व विष्ठेत मिसळते. पन्हाळीसारखे लांबट भांडे आणि टांगते गोल भांडे हे दोन प्रकार प्रचलित आहेत. लांबट भांड्याच्या काठावर प्रत्येक प्रौढ कोंबडीस सुमारे १० सेंमी जागा लागते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी खाता येईल असे एक मीटर लांबीचे भांडे २० कोंबड्यांना पुरते. जागा अपुरी असल्यास दुबळ्या कोंबड्या मागे ढकलल्या जातात. भांड्याचा काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवल्यास व भांडे निम्म्याहून अधिक न भरल्यास सांडणारे खाद्य वाचते.

पाणीभांडी

सामान्य हवामानात कोंबडी खाद्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात हे प्रमाण बरेच वाढते. वर्धा जिल्ह्यातील जाम व परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. कोंबडीला घर्मग्रंथी नसल्यामुळे ती चोच उघडून धापा टाकत शरीराची उष्णता कमी करते व त्यात शरीरातील पाणी खर्च होते. अशा वेळी पाणी संपल्यास उष्माघाताने पक्षी दगावतात. म्हणून एका मोठ्या भांड्याऐवजी सावलीत दोन-तीन भांडी ठेवणे हितावह असते. मातीच्या सच्छिद्र भांड्यात पाणी थंड राहते, मात्र ते घासणे कठीण असते. प्लास्टिकचे घंटाकृती भांडे स्वच्छ करण्यास सोपे, परंतु उन्हात त्यातील पाणी लवकर तापते. पिल्ले बुडू नयेत म्हणून उथळ भांडे वापरतात किंवा भांड्यात खडे टाकतात.

स्वच्छता

पाणीभांडी रोज घासून धुतली जातात. सांडलेल्या पाण्याने जमीन ओली राहिल्यास रक्ती हगवणीचा (कॉक्सिडिओसिस) प्रसार होतो, तर ओलसर खाद्यावर विषारी बुरशी वाढते. पिण्याच्या पाण्यातून लस देताना क्लोरीन वा अन्य जंतुनाशक असलेले पाणी वर्ज्य असते, कारण त्यामुळे लसीतील जिवंत विषाणू निष्क्रिय होतात.