महानगर सोडून राहणाऱ्यास सवलत : ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा



आपल्याकडची बरीच मुले-मुली शिकून परदेशाची वाट धरू लागली आहेत. एजंट "चारशे एक्क्याण्णव" असा आकडा सांगतो आणि पालक जमिनीवर कर्ज काढायला निघतात. तेव्हा ही भानगड काय आहे, ते आधी समजून घेऊ.

मुंबई-पुण्यातील गर्दी कमी व्हावी, उद्योग मागास भागात जावेत, म्हणून महाराष्ट्र शासनाने १९६४ पासून कारखानदारांना सवलती दिल्या. ऑस्ट्रेलियाने तीच युक्ती माणसांसाठी योजली. बाहेरून आलेला माणूस सिडनी-मेलबर्न गाठतो. लहान गावांना परिचारिका, वेल्डर, आचारी मिळत नाहीत. म्हणून १६ नोव्हेंबर २०१९ पासून हा व्हिसा सुरू झाला.

वय, इंग्रजी, शिक्षण व अनुभव यांना गुण असतात. किमान ६५ गुण लागतात व वय ४५ च्या आत हवे. तेथील राज्याने शिफारस केली, किंवा त्या भागात राहणाऱ्या पात्र नातेवाइकाने हमी घेतली, तर १५ गुण जादा मिळतात. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही महानगरे वगळून उरलेला देश 'प्रादेशिक' धरतात. पर्थ, ॲडलेडसुद्धा त्यात येतात.

व्हिसा पाच वर्षांचा असतो. बायको-मुले नेता येतात, नोकरीही बदलता येते. मात्र राहणे, काम, शिक्षण सर्व प्रादेशिक भागातच. तीन वर्षे अट पाळून प्राप्तिकराचे दाखले दिले, की १९१ क्रमांकाच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. तो मिळाल्यावर देशात कोठेही राहावे.

आता ध्यानात ठेवायच्या गोष्टी :

१) हा व्हिसा तात्पुरता आहे. अट मोडली तर रद्द होऊ शकतो.

२) यादीतला व्यवसाय व कौशल्याची तपासणी लागते. बंडाबर्ग, मॅके भागात ऊस भरपूर आहे. पण तोड यंत्राने होते. नुसत्या तोडणीच्या मजुरीवर हा व्हिसा मिळत नाही.

३) ६५ गुण झाले म्हणजे निमंत्रण आलेच, असे नाही. "हमखास काम करून देतो" म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय आपण ऊस खाली करीत नाही. मग नियम ऑस्ट्रेलिया सरकारच्या अधिकृत माहितीत वाचल्याशिवाय जमीन गहाण कशाला टाकायची? मुलाला शेजारी बसवून वाचून घ्यावे, मगच पैसा सोडावा.